पूर्ण पुस्तक वाचण्यास सक्त मनाई आहे

कनिष्ठ महाविद्यालयात दर जूनला वार्षिक नियोजनाचा तक्ता भरून द्यावा लागतो. महिना, घटक, उपघटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साधने असे रकाने असतात आणि पार उजवीकडे बोटभर रुंदीचा 'शेरा' असतो, जो कुणीच भरत नाही. भाषेच्या मास्तरांनाही हाच तक्ता. त्यात पुस्तकाचं नाव लिहायला मात्र जागा नाही. साहित्य शिकवायला पुस्तक लागतं, ही कल्पना आपल्याकडे जरा आगाऊच समजली जाते.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली. फटाके वाजले, फ्लेक्स लागले. तर या आनंदाच्या भरात समजा एखाद्या संस्थेच्या मनात आलं, की बारावीच्या पोरांसाठी 'प्रगत मराठी साहित्य' असा वर्षभराचा अभ्यासक्रम काढावा. ज्यांना खरोखर वाचायचंय त्यांच्यासाठी. पोरं सतरा-अठराची, म्हणजे मतदार व्हायला आलेली. कल्पना झकास आहे. आखायचं कसं?

पहिली अडचण विद्यार्थ्यांची. 2020 च्या कायद्याने मराठी पहिली ते दहावी सक्तीची केली. त्यामुळे देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी पोरं अकरावीच्या दारात मराठी काढून ठेवतात. विज्ञान शाखेला दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेता येतो. उरलेल्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, की संस्कृतला, जर्मनला गुण धो धो पडतात. प्रवेशाच्या खिडकीशी पालक उभे असतात.

"सर, हा नवा विषय स्कोअरिंग आहे का?"

"साहित्य आहे, काका."

"ते वाचलं मी. पण पैकीच्या पैकी पडतात का?"

"आता कवितेवर मुलाचं स्वतःचं मत काय, याला पैकीच्या पैकी..."

"मग जर्मन द्या."

त्यातूनही कला शाखेची काही पोरं मिळतात. विज्ञानाचा एखादा चुकार पोरगाही मिळतो, पण त्याचं कॉलेज कोचिंग क्लासशी 'टाय-अप' असल्यामुळे तो प्रॅक्टिकलशिवाय कॉलेजात फिरकत नाही. त्याला आपण पुस्तक व्हॉट्सॲपवर पाठवू.

आता मुद्द्यावर येऊ. बारा वर्षं मराठी शिकलेल्या पोराने वर्गात मराठीचं एक तरी अख्खं पुस्तक वाचलेलं असतं का? पाठ्यपुस्तक सोडून? आपल्या पाठ्यपुस्तकात कादंबरी येते ती चार पानांची. आत्मचरित्र येतं ते बालपणापुरतं, म्हणजे माणूस बिघडायच्या आत पाठ संपतो. अकरावीच्या युवकभारतीत 'नाटक' हा साहित्यप्रकार मोठ्या हौसेने घातला आहे. 'सुंदर मी होणार', 'हसवाफसवी', 'ध्यानीमनी' अशी तीन खणखणीत नाटकं, आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा. पडदा उघडतो, दोन माणसं बोलायला लागतात आणि खाली स्वाध्याय सुरू होतो. बारावीला 'कथा' आहे. कथा पूर्ण मावते, हे कथेचं नशीब. 

मी पाठ्यपुस्तकाला दोष देत नाही. सगळे प्रदेश, सगळे काळ, सगळ्या बोली, सगळे विचार एका पुस्तकात कोंबायचे म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार पानंच येणार. पण ती चव होती, जेवण पुढे वाढायचं होतं, हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पोरगं एम.ए. होईपर्यंत चवीवरच राहतं आणि मग नेट-सेट देऊन दुसऱ्यांना चव देतं.

तेव्हा प्रगत अभ्यासक्रमाचा पहिला आणि माझ्या मते एकमेव नियम असा, की पुस्तकं घ्यायची ती अख्खी. पाच घ्या, चार घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मधली कंटाळवाणी पानंही वाचायची. कंटाळवाणी पानं कशी काढावीत, हे साहित्याच्या अभ्यासातलं अर्धं शिक्षण आहे.

नियम ठरला की निवड समिती बसते. कुठलीही समिती घ्या, माणसं तीच असतात: संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब, प्राचार्य, पर्यवेक्षक मॅडम, एक पालक प्रतिनिधी, आणि यादी घेऊन आलेला मराठीचा मास्तर, जो तासिका तत्त्वावर आहे आणि त्यामुळे खुर्चीच्या कडेवर बसला आहे.

मास्तर 'कोसला'पासून सुरुवात करतो.

"काय आहे त्यात?"

"खेड्यातला मुलगा पुण्याला कॉलेजात जातो."

"वा! प्रेरणादायी. मग?"

"मग नापास होतो आणि परत गावी येतो."

बारावीच्या वर्षात नापास होणारा नायक? पालक प्रतिनिधी पाण्याचा ग्लास शोधू लागतात. मास्तर घाईघाईने सांगतो, की 1963 ची कादंबरी आहे, लेखकाला पुढे ज्ञानपीठ मिळालं, लिहिली तेव्हा ते अवघे पंचविशीचे होते. दादासाहेब म्हणतात, "त्या वयात आधी नोकरी बघायची."

'बलुतं' सगळ्यांना मान्य आहे. निदान नाव ऐकलेलं आहे. दादासाहेब फक्त एवढंच सुचवतात, की पुस्तकात जातीचे उल्लेख असल्याचं कानावर आलंय, ते तेवढे गाळून घेता येतील का. मास्तर म्हणतो, साहेब, ते पुस्तक जातीबद्दलच आहे. "तेच म्हणतोय मी," दादासाहेब म्हणतात.

'स्मृतिचित्रे'वर एकमत होता होता राहतं. लेखिका लक्ष्मीबाई टिळक म्हटल्यावर अध्यक्षांनी मान डोलावली होती. लोकमान्यांच्या घरातल्या असाव्यात. नाही साहेब, रेव्हरंड टिळकांच्या पत्नी. कोणते रेव्हरंड? नारायण वामन, ते 1895 साली ख्रिस्ती झाले, पाच वर्षांनी याही झाल्या, आणि त्या सगळ्या ओढाताणीचीच ही गोष्ट आहे. यावर प्राचार्य पहिल्यांदाच तोंड उघडतात. "विषय चांगला आहे. पण सध्या नको." हे 'सध्या' कधी संपणार, असं विचारायची पद्धत नाही.

'शांतता! कोर्ट चालू आहे' नावावरच पास होतं. शिस्तीचं दिसतंय. नायिका शाळेत शिक्षिका आहे म्हटल्यावर तर मॅडम खुलतात. पण तिच्यावर आरोप कसला, हे पालक प्रतिनिधी विचारतात आणि मास्तरला 'भ्रूणहत्या' हा शब्द उच्चारावा लागतो. 'घाशीराम कोतवाल'साठी इतिहास विभागाचं ना हरकत पत्र मागवलं जातं. 16 डिसेंबर 1972 ला पहिला प्रयोग झाला, पन्नास वर्षं उलटली, असं मास्तर सांगतो. पन्नास वर्षांत वातावरण जास्त नाजूक झालंय, असं उत्तर मिळतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या बैठकीत बोललं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य आहे.

मर्ढेकर? त्यांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. पण ते निर्दोष सुटले! सुटले ते ठीक, पण खटला झाला होता ना. चारित्र्य पडताळणीत तेवढं पुरतं. 'गोलपीठा' मॅडम स्वतः उघडतात, एक पान वाचतात, मिटतात आणि पालक प्रतिनिधींच्या हाती लागू नये म्हणून पर्समध्ये टाकतात. ते अजून ग्रंथालयात परत आलेलं नाही.

शेवटी उरते 'श्यामची आई'. एकमताने. मास्तरला हायसं वाटतं, कारण निदान अख्खं पुस्तक तरी झालं. तेवढ्यात पर्यवेक्षक मॅडम तासिकांचा हिशेब काढतात. पुस्तकात रात्री बेचाळीस. रात्रीला एक तासिका धरली तर आठवड्याला चारच्या हिशेबाने गणपती येणार. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक आपल्या कॉलेजात दोन महिन्यांत संपत नाही. तेव्हा निवडक रात्री घ्याव्यात. ठराव मंजूर, चहा आला.

आता तुम्ही म्हणाल, समितीची चेष्टा सोपी असते, स्वतः आखून दाखवा. आखतो.

जून-जुलैला 'बनगरवाडी'. छोटी आहे, वर्गात मोठ्याने वाचली तरी श्रावण लागायच्या आत संपते. औंध संस्थानातल्या धनगरवाडीत नवखा, पोरसवदा मास्तर जातो. शाळा आहे, पोरं नाहीत. हळूहळू गाव त्याला आपला म्हणतं, गावकरी राबून तालीम उभी करतात, आणि मग दुष्काळ पडतो आणि गावच उठून जातं. परीक्षेत यावर प्रश्न येईल तो मला आत्ताच दिसतोय: 'बनगरवाडीतील मास्तरांचे स्वभावविशेष सोदाहरण लिहा.' कष्टाळू, प्रेमळ, जिद्दी. प्रत्येकी अर्धा गुण. त्याऐवजी पोरांना एवढंच विचारा, की ज्या तालमीसाठी एवढं केलं ती बांधण्यात वेळ वाया गेला की सत्कारणी लागला? पटपडताळणी, शाळा बंद होणं, हे बातम्यांत ऐकत वाढलेली पोरं आहेत. तासभर भांडतील. भांडू द्या. शेजारच्या वर्गात अकाउंट्स चालू असतं, तिकडून तक्रार येईल. येऊ द्या.

पुढे दिवाळीपर्यंत 'स्मृतिचित्रे'. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने असं काही लिहिलंय की शाळा पाहिलेल्यांनी मान खाली घालावी. नवरा कवी, मनस्वी, कधी न सांगता निघून जाणारा. त्याचा राग, त्याची माया आणि त्याची टिंगल ती एकाच वाक्यात करते. विनोदी लेखन म्हणजे काय, हे शिकवायला दुसरं काही लागत नाही. दिवाळीनंतर 'बलुतं', जातीच्या उल्लेखांसकट. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, आणि दोघं एकच. एक जगलेला आणि एक शिकून पांढरपेशा झालेला. आत्मकथन लिहिताना 'मी' एवढा सोपा नसतो, हे पोरांना कुठल्याही व्याख्येवाचून कळतं. डिसेंबरात नाटक. 'घाशीराम' किंवा 'वाडा चिरेबंदी', पोरांनी ठरवावं. बाकांवर बसून वाचायचं नाही, बाकं भिंतीला लावायची. तसाही डिसेंबर गॅदरिंगचा असतो, दंगा खपून जातो.

शनिवारी कविता. ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या नकोत, एक अध्याय घ्या. बारावीला बारावा घ्या, आटोपशीर आहे. मग तुकाराम, मर्ढेकर, ढसाळ आणि ज्याला जो सापडेल तो.

जी. ए. मुद्दाम घेतलेले नाहीत. मला अतिशय प्रिय, पण सतराव्या वर्षी जी. ए. वाचलेली पोरं पुढची दहा वर्षं जी. एं.सारखं लिहितात आणि ते आपल्याला वाचावं लागतं.

एवढं सगळं केल्यावर खरा शत्रू भेटतो. त्याचं नाव रसग्रहण. कृतिपत्रिकेत त्याला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन ठरीव कप्पे असतात, आणि क्लासवाल्यांनी त्यावर शोधून काढलेलं औषध तिन्ही कप्प्यांना लागू पडतं. 'प्रस्तुत कवितेत कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत मानवी मनाच्या तरल भावना व्यक्त केल्या आहेत. कवितेतील प्रतिमा वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र उभे करतात. ही कविता मला फार आवडली, कारण ती मनाला भिडते.' कवितेचं नाव शेवटच्या क्षणी भरलं तरी चालतं. न भरलं तरी गुण जात नाहीत, असं एका परीक्षकाने मला चहा पिता पिता सांगितलं. साधी, सोपी, ओघवती भाषा आणि तरल भावना! हे 'गोलपीठा'बद्दल लिहिलेलं एखाद्या मॉडेल आन्सरमध्ये पाहायला मी जिवंत राहू इच्छितो. वीस गुण तोंडीचे असतात. पोरगं आलं, उभं राहिलं, स्वतःचं नाव न अडखळता सांगितलं की अठरा.

तिकडे परदेशात काय करतात, असं विचारणारे नेहमी असतात, तेव्हा तेही उरकून टाकू. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षात 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट'चा इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम घेतात. नेमलेल्या पुस्तकांची सक्तीची यादीच नाही. मास्तर स्वतः आखणी करतो आणि ती मंजूर करून घेतो. मे महिन्यात तीन तासांचा पेपर: 55 बहुपर्यायी प्रश्न आणि तीन निबंध. तिसऱ्या निबंधात प्रश्न ते देतात, पुस्तक पोराने आपल्या मनाने निवडायचं. आपल्या मुंबई-पुण्याच्या आयबी शाळांत वरच्या पातळीवर साहित्य घेतलं तर दोन वर्षांत तेरा साहित्यकृती वाचाव्या लागतात, अर्थात बहुतेक इंग्रजीतून. तिकडे सगळं सोनं आहे असं नाही. तिकडेही गाईड आहेत. स्पार्कनोट्स 1999 साली हार्वर्डच्याच पोरांनी सुरू केलं, म्हणजे न वाचता पास व्हायची सोय उच्चशिक्षितांनीच केली. फरक इतकाच, की तिकडे पुस्तक न वाचणाऱ्याला लपूनछपून गाईड उघडावं लागतं. इकडे पुस्तक वाचणाऱ्याला लपावं लागतं.

ग्रंथालयाचं विसरलोच. 'कोसला'ची एक प्रत आहे, कपाटात. कपाटाला कुलूप आहे. किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा मतदार याद्यांच्या कामावर. मास्तरही त्याच कामावर, त्यामुळे सप्टेंबरातली दोन आठवड्यांची 'स्मृतिचित्रे' ऑक्टोबरात ढकला.

शेवटी परीक्षा. जानेवारीत प्रिलिम, मग तोंडी, मग प्रॅक्टिकल, आणि फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर. माझ्या अभ्यासक्रमाला एकच प्रश्न असेल, वेळ तीन तास, आणि वर्षभर वाचलेलं पुस्तक समोर ठेवून लिहायचं. यात क्रांतिकारक काही नाही. इंग्लंडच्या ए-लेव्हलला साहित्याच्या काही पेपरांत कोरी प्रत आत नेता येते. ज्याने वर्षभर पुस्तक उघडलंच नाही, त्याला तीन तासांत त्यातलं काहीही सापडणार नाही, त्यामुळे कॉपीची भीती शून्य.

असं मला वाटत होतं. पण फेब्रुवारीत आपल्याकडे कॉपीमुक्त अभियान असतं. पहिला तास संपायच्या आत भरारी पथक येणार, तिसऱ्या बाकावरच्या पोरासमोर उघडं पडलेलं 'बलुतं' उचलणार, आणि केंद्रसंचालक घाम पुसत परवानगीचं पत्र शोधत असतानाच पंचनामा सुरू होणार.

"कुठल्या पानावरून लिहीत होतास?"

"कुठल्याच नाही, साहेब. माझं सगळं वाचून झालंय."

"सगळं?"

"हो. दोनदा."

साहेब शेजारच्या कारकुनाकडे वळतात. "लिहा. गैरप्रकार पूर्वनियोजित."